गच्चीवरच्या दोन सीटा

परवा खोपटच्या नाक्यावर शेअर रिक्षात बसले आणि चटका बसून तशीच उठले. रिक्षा सकाळपासून उन्हात उभी होती, सीटचं रेग्झिन तव्यासारखं तापलेलं. "बसा ताई, गाडी हलली की गार होते," रिक्षावाला म्हणाला. शेजारी दोन मुली येऊन बसल्या. त्यांना चटका जाणवलासुद्धा नाही. दोघींच्या मांडीवर पुठ्ठ्याचं पॅड, पॅडच्या चिमट्यात हॉल तिकीट, आणि एकीचे ओठ सारखे हलत होते. मी ओढणी खाली सारून बसले. तापलेल्या रेग्झिनचा वास, थोडा रबराचा, थोडा जुन्या घामाचा, नाकात शिरला आणि मी ठाण्यात असूनही डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन पोचले.

एप्रिलमध्ये माझं हे असं होतं. परीक्षेची मुलं रस्त्यावर दिसायला लागली की मला दोन सीटा आठवतात. मोटारीच्या, करड्या रंगाच्या, पाण्याच्या टाकीला टेकून वाळत ठेवलेल्या.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय फिजिक्स. बाबांच्या राजापूरकडच्या आणि आईच्या देवरुखकडच्या, दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुठेही आणि कुणालाही सांगते, त्यात लाजायचं काय? बाबा सातवी शिकलेले. आधी कंपनीत होते, नंतर छोटा टेम्पो घेतला, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो. टेम्पोच्या मागे लोक देवाचं नाव लिहितात, मुलांची लिहितात. बाबांनी पेंटरकडून स्वतःचं अख्खं नाव लिहून घेतलं होतं, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत: शांताराम धोंडू गुरव. कंपनीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. "ए, इकडे ये" म्हणत. त्या 'ए'ला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली होती.

एप्रिल म्हणजे माझी परीक्षा आणि बाबांची लग्नसराई. मांडवाचे बांबू, केटररची पातेली, खुर्च्या, फुलांच्या कमानी. आज कल्याण, उद्या टिटवाळा, परवा मुरबाड. त्या एका महिन्यात बाबा जेवढ्या लग्नांना पोचत तेवढ्या लग्नांना कुणी भटजीही जात नसेल. जेवायला मात्र एकाही ठिकाणी थांबत नसत. पुढची भांडी वाट बघत असायची.

त्या टेम्पोची मूळची सीट कधीच संपली होती. रेग्झिन फाटलं तेव्हा बाबांनी त्यावर गोणपाट शिवलं. गोणपाट विरलं तेव्हा आईची गोधडी आली. बाबा गाडी चालवताना उजवीकडे, खिडकीच्या अंगाला कलतात, आणि बारा वर्षांचं ते कलणं सीटने जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. उजव्या बाजूला एक वाटी झाली होती. वाटीच्या तळाला एक स्प्रिंग होती. बाबा तिला सासू म्हणत. "आज सासू फार बोलली गो," एवढंच, घरी आल्यावर.

गाडीतून उतरले की ते लगेच चालत नसत. दार धरून उभे राहायचे आणि पुढच्या चाकाकडे बघायचे. चाकात बघण्यासारखं काही नसायचं, पण कंबर सरळ होईपर्यंत माणसाने कुठेतरी बघायला नको?

आपल्याकडे 'बसून खातो' म्हणजे आळशी, आणि 'बसून काम आहे' म्हणजे सुखी. मलाही लहानपणी तेच वाटायचं. हमाल उचलतो, गवंडी चढतो, बाबा काय, बसलेलेच असतात. बसण्यानेही माणूस झिजतो हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं नाही. ती सीट एकदा हाताने दाबून बघितली, पुरे झालं.

अभ्यासाची सुट्टी लागली त्या आठवड्यात आईने मला जिन्यात गाठलं. घरात बोलण्यासारखं नसेल तर आमच्याकडे जिन्यात बोलतात.

"कोपरीला एका नवीन टॉवरवर वॉचमन पाहिजे. बाबा विचारून आलेत."

"कुणासाठी?"

आईने वर आमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, असं चालवत राहिलात तर एक दिवस खाली उतरता येणार नाही. एक तारखेपासून बोलावलंय त्यांना. तुझी परीक्षा झाली की टेम्पो विकून टाकायचा म्हणतायत."

वॉचमनच्या कामात कमीपणा नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांनी तेच काम करून दोन मुलींना मार्गी लावलं. पण बाबांना गेटवर उभं करून कुणीतरी गाडीच्या काचेतून "ए" म्हणणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी सरळ वर गेले आणि म्हणाले, "बाबा, सीट बदलू या."

"सीट बदलून कंबर बदलते काय?"

"बदलत नाही. पण आहे ती टिकते."

बाबा हसले. "शिकलेली बोलतेय. चल."

कल्याण-शीळ रस्त्यावर म्हात्रेकाकांचं भंगाराचं गोडाऊन होतं. काका आगरी, बाबांच्या जुन्या ओळखीतले, स्वतः एका बसच्या सीटवर राजासारखे बसलेले.

"काय रं शांताराम, पोरीला भंगारान आनलंस?"

"तीच घेऊन आलीय मला. फिजिक्स शिकते ती."

"मंग बरोबर आली. हितं सगला फिजिक्सच परलाय."

मोटारींच्या सीटा ओळीने मांडलेल्या होत्या, शाळेतल्या मुलांसारख्या. मी एका काळ्या सीटवर बसले. मऊ, पाठीला छान टेका देणारी. "बाबा, हीच!" म्हणून ओरडले. बाबा बसले नाहीत. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काकांना विचारलं, "ही गाडी कशाने आली?"

टेम्पोवाल्यांचा हा रिवाज मला तोवर माहीत नव्हता. आरसा घेतील, काच घेतील, टायर घेतील, काही न विचारता घेतील. सीट घेताना मात्र विचारतात. आणि भंगारवाला एरवी कितीही थापा मारो, या एका प्रश्नाला खोटं बोलत नाही.

काकांनी पान थुंकलं. "ती नको. त्या गारीन मानूस गेला."

मी उठले. कुणी हसलं नाही. काकांनी कोपऱ्यातल्या दोन करड्या सीटांकडे बोट दाखवलं. "त्या घे. गारी पान्यान बुरली व्हती. मानसं सगली सुखरूप घरा गेली."

म्हणजे पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार. बाबांनी खाली वाकून सीटला हात लावून तो कपाळाला लावला, रोज सकाळी स्टिअरिंगला लावतात तसा, आणि बसले. डोळे मिटले. मग म्हणाले, "कुणीतरी पाठीला हात लावल्यासारखं वाटतंय गो."

दोन्ही सीटा आम्ही आणल्या. ड्रायव्हरची आणि बाजूची.

त्यांना खाडीच्या चिखलाचा वास मारत होता. कव्हरं काढून धुतली, फोम दाबला तर राखाडी पाणी निघालं. वाळायला आठ दिवसांचं कडक ऊन हवं होतं. ऊन गच्चीवर, आणि एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर जागा मिळणं म्हणजे चेष्टा नव्हे. पोह्याचे पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, मिरच्या. प्रत्येक घराचं धुतलेलं धोतर किंवा जुनी साडी आपापली हद्द राखून पसरलेली.

"रूपाली, पापडांना चिखलाचा वास लागेल हं," सावंतकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

शेवटी तह झाला. सीटा टाकीजवळच्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि त्याबदल्यात सगळ्या बिल्डिंगचं वाळवण कावळ्यांपासून मी राखायचं. म्हणून माझा शेवटच्या वर्षाचा अभ्यास एका मोटारीच्या सीटवर झाला, गच्चीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून, एका हातात नोट्स आणि दुसऱ्या हातात काठी. क्लासिकल मेकॅनिक्सची गणितं सोडवता सोडवता मी किती कावळे हाकलले असतील! आजही कुरडई तोंडात टाकली की एखादं समीकरण आठवतं. परीक्षकांना हे कधी कळलं नाही.

ऊन कलल्यावर बायका वाळवण उचलायला येत आणि जरा टेकत. सावंतकाकू बाजूच्या सीटवर बसून म्हणायच्या, "चला ड्रायव्हर, महाबळेश्वर!" मग दुसरी कुणी म्हणे, "आधी माझ्या माहेरी सोडा." एकदा आई बसली. तिने हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिली, जणू कठड्यापलीकडे रस्ता होता.

"एवढ्या वर्षांत यांच्या बाजूला बसून मी कुठे गेलेच नाही गं," ती म्हणाली. "बाजूला नेहमी सामान."

सीटा वाळल्या. आता बसवायच्या कशा? मोटारीच्या सीटच्या पट्ट्या टेम्पोच्या भोकांना जुळेनात. शिवाय सीट जाड, तशीच ठेवली असती तर बाबांचं डोकं टपाला लागलं असतं. दोन्हींखाली लोखंडाची एकेक चौकट हवी होती, बुटकी आणि मजबूत. मी मापं घेतली. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला ग्राफपेपर काढला आणि चौकट काढली: वरून, बाजूने, समोरून. वजन कुठे येईल, ब्रेक दाबला की सीट कुठे ओढेल, सगळं. लोखंडासाठी माझा पुस्तकांचा रॅक मोडला. भोकं पाडलेल्या अँगलचा, दुकानांत असतो तसा. आयती भोकं, वेल्डिंगची गरज नाही, फक्त आरी आणि बोल्ट. पुस्तकं जमिनीवर भिंतीला लावून ठेवली.

बाबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. खूप वेळ बघितला. "छान काढलंयस," म्हणाले.

हे 'छान' मी पहिलीपासून ऐकत आले होते. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना छान, निबंधाला छान, नापास झालेल्या चित्राला छान. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

दोन पेपरांच्या मधे पाच दिवस होते. त्यांतल्या पहिल्याच सकाळी आम्ही दोघांनी मिळून सीटा बसवल्या. आठ बोल्ट, तेरा नंबरचा पाना, टपाखाली दोन डोकी आणि सारखं "तुझा हात काढ", "तुमचा पाय काढा". बाबांनी एमआयडीसीच्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि खिडकीतून ओरडले, "विमान आहे, विमान!" मी पार्टीला आईस्क्रीम मागितलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, माझ्या पेपरच्या आदल्या दुपारी, एका केटररचा माणूस टेम्पो चालवत आला. बाबा बाजूच्या सीटवर होते, ओठ दाबून. दोघांनी धरून त्यांना वर आणलं.

झालं होतं ते असं. या टेम्पोचं इंजिन सीटच्या खाली असतं. सीट पुढे उलटायची, खालचं झाकण उघडायचं, ऑइल बघायचं. बाबा हे रोज सकाळी, देवाला उदबत्ती लावावी तसं, न चुकता करत. माझ्या चौकटीने ते झाकणच बंद करून टाकलं होतं. आठ बोल्टांनी, घट्ट. चार दिवस बाबांनी ऑइल बघितलं नव्हतं. मुरबाडला जाताना रायत्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी तापली. मागे लग्नाची पातेली, फोनवर केटरर, डोक्यावर बाराचं ऊन. बाबांनी वाकून, आडवं होऊन ते आठही बोल्ट काढले, सीटा उचलून बाहेर ठेवल्या, ऑइल घातलं. इंजिन थोडक्यात वाचलं. पातेली मुहूर्ताआधी पोचली. बाबांची कंबर मात्र तिथेच धरली.

जमिनीवर चटई टाकून त्यांना झोपवलं. एका भिंतीला माझी पुस्तकं, दुसरीला बाबा. ते छताकडे बघत आईला म्हणाले, "त्या कोपरीच्या साहेबांना कळव. एक तारखेला येतो म्हणून."

माझ्या तोंडातून निघाला तो राग. "बाबा, इंजिन खाली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"म्हणजे काय? माहीत होतं."

"मग कागद बघितला तेव्हा बोलला का नाहीत?"

आई मधे पडली, "अगं, त्यांना झोपू दे." पण मी हटले नाही. शेवटी ते म्हणाले, "मला वाटलं, तू ते हिशोबात धरलं असशील. एवढं कॉलेजच्या कागदावर काढलेलं... त्यात मी सातवीवाला काय बोलणार?"

आणि मी? मी मापं घेताना ते झाकण बघितलं होतं. मला वाटलं होतं, अडचण असती तर बाबा बोलले असते. बारा वर्षं गाडी चालवतायत ते.

दोघांनीही एकमेकांचा मान ठेवला आणि मधल्या मधे इंजिन तापलं.

पहिलीपासूनची सगळी 'छान' मला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसली. त्यांतली किती खरी होती? माझ्या शिक्षणाचा मला अभिमान होता, अजून आहे. पण त्याच शिक्षणामुळे माझ्याच घरात, माझ्यासमोर, माझ्या बापाचं तोंड बंद झालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पदवी घ्यायला निघालेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही. सांगायला हवं.

मी तो ग्राफपेपर आणला, पुठ्ठ्याच्या पॅडला लावला आणि पेन्सिल बाबांच्या हातात दिली. "चुकलंय ते दाखवा."

"उद्या पेपर आहे तुझा."

"म्हणून आत्ता दाखवा."

त्यांनी पाठीवर पडल्या पडल्या पॅड तोंडासमोर धरलं. पेन्सिल बराच वेळ हवेतच होती. कागदावर टेकवायला घाबरत होते. मग माझ्या सरळ, पट्टीने मारलेल्या रेघांवर त्यांनी एक वाकडं कडं काढलं. त्याच्या शेजारी दुसरं.

"इथे बिजागऱ्या घाल. गेटला असतात तशा, जाड. म्हणजे सीट पुढे पडेल. आणि हा रॅकचा अँगल एकेरी टिकणार नाही. पत्र्यासारखा आहे. दोन-दोन एकात एक बसव."

"हे पण तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मग काय." आणि थोड्या वेळाने, "तू रॅक मोडून दिलास. बोलवेना."

आई रडायला लागली की हसायला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिक्सचा पेपर दिला. बरा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून गेटच्या चार बिजागऱ्या आणल्या आणि मी आणि आईने मिळून दोन्ही चौकटी पुन्हा बांधल्या. आईच्या हाताला बोल्ट आवळायची चांगली ताकद आहे. कुकरची झाकणं लावून आलेली असेल. बाबा चटईवरून ओरडून विचारत, "पुढे पडते काय सीट?" आम्ही गॅलरीतून सांगायचो, "पडते!" खालून सावंतकाका विचारायचे, "कोण पडलं?"

आठवडाभराने बाबा उठले. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मला न्यायला टेम्पो घेऊन कॉलेजच्या गेटवर आले. बाजूच्या सीटवर आई होती, नवी साडी नेसून. मी दोघांच्या मधल्या फटीत, पॅड छातीशी धरून, अर्धी इकडे अर्धी तिकडे. बसायला ते अजिबात सोयीचं नव्हतं. "कुठे जायचं?" बाबांनी विचारलं, आणि आई एखाद्या सवारीसारखी म्हणाली, "सरळ घ्या."

आम्ही कल्याणच्या खाडीपुलावर होतो तेव्हा बाबांचा फोन वाजला. आईने नाव बघितलं आणि फोन त्यांच्या कानाला धरला. वरच्या टपाचा पत्रा खडखडत होता.

"हां साहेब... हो, एक तारीख, लक्षात आहे," बाबा म्हणाले. समोर ट्रक होता, त्यांनी गिअर बदलला. "नाही साहेब. नाही जमणार... नाही हो, दुसरीकडे कुठे नाही लागलो. माझ्याच कामावर आहे."

आईने फोन काढून घेतला आणि पदराला पुसला, कशाला कोण जाणे.

कंबर काही नवी झाली नाही. बाबा आता दिवसाला दोनच फेऱ्या मारतात, लांबचं भाडं नाकारतात, दुपारी तासभर आडवे होतात. मी आता ठाण्यात राहते आणि डोंबिवलीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. माझ्या हाताखालची नवी मुलं माझ्या रिपोर्टवर "परफेक्ट मॅडम" म्हणतात तेव्हा मी कागद परत त्यांच्याकडे सरकवते. "नीट बघून मग म्हण." त्यांना मी खडूस वाटत असणार. वाटू दे.

गेल्या रविवारी घरी गेले होते. खाली दिवा गावचा एक टेम्पोवाला आला होता, मागे दोन जुन्या सीटा टाकून. त्याच्या पाठीनेही बोलायला सुरुवात केली होती आणि चौकटीचं काम शांताराम गुरवांकडे होतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बाबांनी त्याला आधी, गाडी कशाने आली ते विचारलं. मग मला हाक मारून ग्राफपेपर आणायला सांगितला. मी मापं घेतली, तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून चित्र काढलं आणि कागद त्या माणसापुढे धरला. त्याने तो अदबीने घेतला, वरखाली बघितला आणि मान हलवली. "छान आहे मॅडम."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान नको सांगू तिला," ते म्हणाले. "गाडी तुझी आहे. चुकलं असेल तर तोंडावर सांग. शिकलेली आहे ती, ऐकून घेते."